चाटून दिलेला साबण

आमच्या शेजारचे करंदीकर कुणालाही साबण देतात, तो आधी चाटून देतात.

मी गंमत करत नाही. दारात उभे राहतात, कागद अर्धा सोडवतात, वडीच्या कोपऱ्याला जीभ लावतात, डोळे मिटतात आणि एखाद्या आचाऱ्यानं आमटीची चव बघावी तसं थोडं थांबून म्हणतात, "जिरला." मग कागद पुन्हा गुंडाळतात, दोऱ्याची गाठ मारतात आणि वडी तुमच्या हातात. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी मुलाला म्हटलं, "संजू, लव्हालमध्ये म्हाताऱ्या माणसांना घरात खायला घालत नाहीत काय?"

संजू हसला. म्हणाला, "बाबा, ते केमिस्ट होते. पेपर मिलमध्ये. ते टेस्ट करतात."

मी चौथी शिकलो. पुढची शाळा मला झेपली नाही असं मास्तर म्हणायचे. मी म्हणतो, मी शाळेला झेपलो नाही. मिरजेच्या तालमीत अंग कमावलं, मग जन्मभर ट्रक चालवला. आता मुलानं इकडं लव्हालला, मॉन्ट्रियलच्या शेजारी, आणलंय म्हणून बर्फ बघत बसलोय. मला कुणाचं शिकणं खुपत नाही, पण कुणी शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं. आणि करंदीकर तर उठल्यापासून शिकवतात. विषय एकच. कॉस्टिक सोडा.

साबणाचं त्यांनी मला असं समजावलं: तेलात कॉस्टिकचं पाणी ओतायचं, घोटायचं, साच्यात घालायचं. मग तेल तेल राहत नाही आणि कॉस्टिक कॉस्टिक राहत नाही, दोघांचा मिळून साबण होतो. पण प्रमाण चुकलं आणि कॉस्टिक शिल्लक राहिला तर जिभेला बॅटरीचं टोक लावल्यासारखा झटका बसतो. "झटका नाही म्हणजे जिरला. कळलं पैलवान?"

बॅटरीचं टोक मला माहीत होतं. ट्रकवाल्याला ते शिकवावं लागत नाही. पण मी कळलं म्हणालो नाही.

आमची ओळख झाली तीच भांडणातनं. सुनेनं, मेघानं, गणपतीचा नैवेद्य केला होता, आणि तूप आणि कढी सगळं सिंकमध्ये जाऊन पाईप चोंदला. इकडं प्लंबर बोलवायचा म्हणजे त्याची वाट बघत आठवडा काढायचा. संजूनं करंदीकरांना फोन केला. माणूस दोन मिनिटांत हजर! डोळ्यांवर पोहायचा चष्मा, हातात कोपरापर्यंत रबरी मोजे, आणि पोटाशी एक प्लास्टिकचा डबा असा धरलेला की जणू बारशाचं बाळ.

आल्याआल्या देवाला नमस्कार नाही, आम्हाला राम राम नाही. सरळ सिंकखाली डोकं. आतनं आवाज, "तूप! शुद्ध तूप! वा!" जसा काही कुणी त्यांना खजिना दाखवला. बाहेर येऊन मला म्हणाले, "आता बघा, ह्या तुपाचा आतल्या आत साबण होणार. पाईपमध्येच. आणि तो पाण्याबरोबर वाहून जाणार. म्हणजे ज्यानं तुंबलं त्यानंच पाईप धुतला."

त्यांनी तुंबलेल्या पाण्यात पांढरे मणी टाकले, साबुदाण्यासारखे. मग फोन आला म्हणून बाहेरच्या खोलीत गेले. जाताना म्हणाले, "हात लावू नका. आत आहे तेवढंच पाणी पुरे. गार."

आता मला सांगा, तूप काय गार पाण्यानं निघतं? जन्मभर भांडी घासलेला कुणीही सांगेल, तुपाला गरम पाणी. मी किटली उचलली आणि ओतली.

सिंकमधनं असा फवारा उठला की मला वाटलं रेडिएटर फुटला. करंदीकर धावत आले, "पैलवान, मागं!" असं ओरडले आणि माझा हात धरून बाथरूमच्या नळाखाली घातला. सोडायला तयार नाहीत. मी म्हटलं, काही झालं नाही, जरा बुळबुळीत लागतंय. ते म्हणाले, "बुळबुळीत लागतंय कारण तुमचाच साबण होतोय! तुमच्या कातडीतल्या तेलाचा! गप उभे राहा!" नळ चालू, मी उभा, आणि माझा हात धरून हा माणूस मला शिकवतोय. कॉस्टिक पाण्यात टाकायचा, पाणी कॉस्टिकवर नाही. नुसत्या गार पाण्यात विरघळला तरी पाणी तापतं, गॅस नको काही नको, आणि तुम्ही वर उकळतं ओतलंत. "लक्षात ठेवा. सोडा पाण्यात. पाणी सोड्यात नाही. म्हणा!"

मी म्हटलं नाही. माझ्या घरात मला कविता पाठ करायला लावतो! हाताला काही झालं नाही, पाईपही मोकळा झाला, आणि मला अजूनही वाटतं की तो माझ्या गरम पाण्यानं झाला. पण त्या दिवशी मी ठरवलं, ह्या माणसाचा साबण अंगाला लावायचा नाही.

तरी माणूस रोज भेटायचा. आमच्या दोघांची फिरायची वेळ एक, आणि बर्फात एकट्यानं फिरू नका अशी दोघांच्याही मुलांची ताकीद. त्यांचा मुलगा व्हँकुव्हरला, तो फोनवर ताकीद द्यायचा. मग आम्ही मॉलमध्ये फिरायचो, आत ऊबेला. तिथं प्रेट्झेलचं, म्हणजे गाठ मारलेल्या खारट पावाचं, दुकान आहे. करंदीकर काचेला बोट लावून उभे राहायचे. "हा तांबूस रंग बघा, पैलवान. भाजायच्या आधी कॉस्टिकच्या पाण्यात बुडवतात." पिझ्झावरची काळी ऑलिव्ह? "झाडावरची खाऊन बघा, कडूजहर. कॉस्टिकनं कडूपणा काढतात." दारात पडलेला जाहिरातीचा कागद उचलून माझ्या नाकासमोर फडकवायचे. "हे काय आहे? झाड आहे हे! लाकडाचे तुकडे कॉस्टिकमध्ये शिजवले की लाकूड विरघळतं आणि धागा राहतो. आयुष्यभर मी झाडं शिजवली."

"मग तुमच्या अंगाला वास येत असेल."

"यायचा ना! सडक्या कोबीचा. सुमती मला दारातच उभं करायची. आधी आंघोळ, मग चहा."

सुमती म्हणजे त्यांची बायको. मी यायच्या आधीच गेली. तिचं नाव निघालं की करंदीकर लगेच विषय बदलायचे आणि ॲल्युमिनियमवर यायचे. ॲल्युमिनियमवर त्यांचा भयंकर राग. आपण ज्याला जर्मनची भांडी म्हणतो ती. कॉस्टिक ती खाऊन टाकतो, बुडबुडे काढत. आमच्या घरात येऊन त्यांनी माझा जर्मनचा डबा बघितला आणि असं तोंड केलं की जणू मी घरात उंदीर पाळलाय.

गॅरेजमध्ये मात्र माणूस वेगळा. गाडी बाहेर बर्फात, आणि आत साबण. विंटर टायरच्या रॅकवर साबणाच्या वड्या ओळीनं वाळत घातलेल्या, पुस्तकासारख्या उभ्या. खोबरेल, ऑलिव्ह तेल, आणि भारतातनं मागवलेला नागरमोथा, वाळा, कचोरा. चरबी अजिबात नाही. पलीकडच्या फ्रेंच म्हातारीनं, मादामनं, एकदा वडी हुंगून सांगितलं की तिची आजी असाच साबण डुकराच्या चरबीचा करायची. करंदीकर दोन दिवस जेवले नसतील.

कॉस्टिकचा डबा फळीवर सगळ्यात वर, झाकण घट्ट. एकदा मी नुसतं उघडून बघत होतो तर ओरडले. "लावा ते! हवेतलं पाणी ओढून घेतो तो. दिसतो कोरडा खडखडीत, पण जरा वेळ उघडा राहिला की पाझरायला लागतो."

गणपतीचं विसर्जन झालं की ते साबण ओतायचे, म्हणजे दिवाळीपर्यंत मुरायचा. हा दिवाळीचा साबण. नरकचतुर्दशीला, पहाटेच्या आंघोळीचा. मॉन्ट्रियल आणि लव्हालमधली जेवढी मराठी घरं त्यांना माहीत, तेवढ्या घरी आदल्या दिवशी स्वतः जाऊन द्यायचे. बेल, कागद, जीभ, "जिरला". मलाही दर वर्षी एक. मी घ्यायचो, थँक्यू म्हणायचो आणि ट्रंकेत टाकायचो, कपड्यांत. वास चांगला येतो.

तर ह्या वर्षी काय झालं, करंदीकरांनी साबणाला लेबल छापून आणलं.

आधी नुसत्या खाकी कागदात असायचा. कुणीतरी त्यांना म्हणालं असेल, काका, यात काय काय आहे ते लिहा ना. झालं! माणसानं गुळगुळीत कागदावर, लाल अक्षरांत, सगळ्यात वर आणि सगळ्यात मोठं छापलं: "कॉस्टिक सोड्यापासून बनवलेला शुद्ध साबण." खाली तेच इंग्रजीत. त्याखाली फ्रेंचमध्ये, कारण आमच्या क्युबेक प्रांतात फ्रेंच नसलं तर चालत नाही. खोबरेल आणि नागरमोथा खाली बारीक अक्षरांत, मुंगीच्या पायाएवढे.

मी म्हटलं, "साहेब, हे दिवाळीचं आहे का गटार साफ करायचं?"

"लपवायचं काय त्यात? कॉस्टिकशिवाय साबण होत नाही. जगातला कुठलाच नाही. लोकांना कळू दे."

लोकांना कळलं. आमच्या मंडळाची कोजागिरी असते, हॉल घेतात, मसाला दूध असतं. मेघा यंदा मंडळाची सेक्रेटरी. करंदीकरांनी खोकी तिथंच आणून ठेवली, की दिवाळीच्या पिशवीत फराळाबरोबर एकेक वडी जाऊ दे, यंदा गुडघा दुखतोय, घरोघर जमणार नाही. एका मुलीनं लेबलाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. दूध पिऊन होईपर्यंत सगळ्यांच्या हातात फोन आणि सगळ्यांची तोंडं करंदीकरांकडं.

"काका, हे ड्रेन क्लीनरमध्ये असतं ना?"

"असतं की!" करंदीकर खूष. विषय निघाला! उठून उभे राहिले. "पण साबणात शिल्लक राहत नाही. तेलात जिरतं. आणि तुम्ही ते रोज खाता! आत्ता त्या टेबलावर पिझ्झा आहे, त्याच्यावरची ऑलिव्ह..."

एका बाईनं पोराच्या ताटातली ऑलिव्ह उचलून बाजूला ठेवली.

"ओके, ओके. दाखवतो," म्हणाले आणि खोक्यातली वडी काढली. लेबल फाडलं. भरल्या हॉलमध्ये, माइकसमोर, साबण चाटला. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग माइकमध्ये, "जिरला!"

माझी नात इरा आठ वर्षांची आहे. ती म्हणाली, "Ewww, Ajoba, he licked it!" आणि सगळा हॉल हसला. करंदीकरही हसले. त्यांना वाटलं, पटलं.

मेघानं त्यांना बाजूला नेलं. मी तिथंच होतो. ती वाईट नाही, खालच्या आवाजात बोलली. "काका, घराघरात बेबीज आहेत. लोक मला मेसेज करतायत. मी इंडिव्हिज्युअली किती जणांना समजावू? या वर्षी स्किप करू या का? नेक्स्ट इयर बघू."

"ऑफ कोर्स, ऑफ कोर्स," करंदीकर म्हणाले. "नो वरीज."

मी खोकी गाडीपर्यंत उचलू लागलो. गाडीत बसल्यावर करंदीकरांनी फ्रेंच रेडिओ लावला, आणि त्यांना एरवी तो आवडत नाही.

घरी येऊन मी मेघाला म्हटलं, "तू ते बरं केलं नाहीस."

"बाबा, तुम्ही तरी वापरता का त्यांचा साबण?"

मी टीव्ही मोठा केला.

पुढं आठ-दहा दिवस करंदीकर फिरायला आले नाहीत. गुडघा म्हणाले. मी ठरवलं, आपण काय दारात जाऊन मनधरणी करणार नाही. फोन केला आणि सांगितलं, "साहेब, आमचं सिंक तुंबलंय."

तुंबलं नव्हतं. मला वाटलं, आता चष्मा आणि मोजे घालून दोन मिनिटांत येतील.

ते म्हणाले, "स्टोअरमध्ये लिक्विड मिळतं. ते टाका."

मी फोन ठेवला आणि कोट चढवला. ज्या माणसानं त्या लिक्विडला मॉलमध्ये उभं राहून शिव्या दिल्या, 'नुसतं पाणी विकतात' म्हणून, तो म्हणतोय ते टाका!

गॅरेजचं दार अर्धं उघडं होतं. खोकी तशीच, बांधलेली. करंदीकर स्टुलावर बसून एकेका वडीचं लेबल सोलत होते.

"ही काय भानगड?"

"रिसायकलमध्ये टाकायला. कागद वेगळा टाकावा लागतो ना."

"आणि साबण?"

"बघू." एक लेबल घडी करून बाजूला ठेवलं. "पैलवान, आम्ही इकडं आलो तेव्हा मॉन्ट्रियलमध्ये मराठी माणूस शोधावा लागायचा. दिवाळीला उटणं नाही, साबण नाही. मी लॅबमधून कॉस्टिक आणला आणि घरी पहिली वडी केली. सुमतीनं सगळ्या एकट्या मुलांना बोलावलं. विद्यार्थी, नोकरीवाले, ज्यांचं इथं कुणी नाही ते. पहाटे रांग लागायची घरात. ही एकेकाच्या पाठीला तेल लावायची, आणि मी बाथरूमच्या दारात साबण घेऊन उभा. मुलं घाबरायची, कॉस्टिकचा म्हणून. मग मी चाटून दाखवायचो."

"म्हणजे हे तेव्हापासनं?"

"तेव्हापासून. ती म्हणायची, अहो, चाटा तुम्ही, त्याशिवाय हे आत जायचे नाहीत." हसले. "आता ती मुलं आजोबा झाली. कुणी कॅलगरीला, कुणी मार्कहॅमला. इथल्या नव्या लोकांना मी फक्त वडी नेऊन देतो. दारात उभा राहतो, ते थँक्यू म्हणतात. थंडी आत जाते म्हणून दार लवकर लावतात, त्यांचं बरोबरच आहे."

मी विचारलं, "आणि तुम्ही? दिवाळीच्या पहाटे?"

"मी शॉवर घेतो."

"तेल?"

त्यांनी एक हात मागं नेऊन दाखवला. खांद्यापर्यंत गेला, खालून कमरेपर्यंत गेला. मध्ये पोचला नाही.

"पाठीला हात पोचत नाही हो," म्हणाले आणि पुढची वडी सोलायला घेतली.

नरकचतुर्दशीला मी अंधारात उठलो. वाटीत तेल कोमट केलं. ट्रंक उघडली आणि तळाची, पहिल्या वर्षीची, खाकी कागदातली वडी काढली. रात्रीतनं बर्फ पडला होता. मधली हिरवळ सगळी पांढरी. चपलेनं जाऊ नये असं इथं सगळे सांगतात. मी चपलेनंच गेलो, वाटी पदराखाली दिवा न्यावा तशी कोटात धरून.

बेल दाबली. बऱ्याच वेळानं करंदीकर आले, स्वेटरवर स्वेटर.

"काय झालं? सिंक?"

"शर्ट काढा."

"व्हॉट?"

"शर्ट काढा म्हणतो. तेल गार होतंय."

ते माझ्याकडं बघत राहिले, मग वाटीकडं, मग माझ्या दुसऱ्या हातातल्या वडीकडं. खाकी कागद त्यांनी लगेच ओळखला. गाठही तशीच होती.

"हा उघडलासुद्धा नाही तुम्ही."

"मुरत ठेवला होता," मी म्हटलं. "लोणच्यासारखा."

करंदीकर दारातनं बाजूला झाले. मी आत गेलो, आणि दार मीच लावलं.

बाथरूममध्ये टबाशेजारी प्लास्टिकचं स्टूल होतं, त्यावर त्यांना बसवलं. पाठ म्हणजे नुसती हाडं. मी तालमीत पोरांना रगडायचो तसा हात घातला तर म्हातारा कळवळला. "अहो पैलवान! माणूस आहे मी, कणीक नव्हे!"

"गप बसा. माझा हात नळाखाली धरलात तेव्हा मी ओरडलो होतो काय?"

"ओरडला होतात! सगळ्या लव्हालला ऐकू गेलं असेल."

"खोटं बोलू नका. सणाचा दिवस आहे."

मग मी हात हलका केला. मान, खांदे, आणि मग मधली ती जागा, जिथं त्यांचा हात पोचत नव्हता. तिथं अंगठा फिरवला तशी पाठ एकदम सैल पडली. बोलणं बंद झालं. मी ह्या माणसाला एवढा वेळ गप कधी बघितला नव्हता. कॉस्टिक नाही, ऑलिव्ह नाही, काही नाही. मी तेल लावत राहिलो.

मधेच त्यांनी हाताच्या पाठीनं डोळे पुसले.

"साबण गेला डोळ्यात," म्हणाले.

साबण अजून बेसिनच्या कडेवर कागदातच होता.

मी म्हटलं, "जातो कधीकधी." हात पुसले, गाठ सोडवली, कागद काढला. वडी जुनी होऊन पिवळसर पडली होती, पण नागरमोथ्याचा वास भरून आला. करंदीकरांचे डोळे मिटलेलेच होते. मी कोपऱ्याला जीभ लावली. झटका नाही, काही नाही. नुसती साबणाची चव, वाईट.

"काय करताय मागं?" करंदीकरांनी विचारलं.

"जिरला," मी म्हणालो. "वाका पुढं."